आधी स्लॉट, मग विमान: इटलीतली चित्रं बघायची तयारी कोल्हापुरातून कशी केली

कोटितीर्थ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर आई, बाबा, मी आणि माझी बारा वर्षांची लेक असे चौघं दहा दिवस इटलीला जाऊन आलो. बाबा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. आमच्या घरी बाहेरच्या खोलीत लिओनार्दो दा विंचीच्या 'लास्ट सपर'चं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाचं, एक छापील चित्र फ्रेम करून लावलंय, माझ्या जन्माच्याही आधीपासून. उन्हानं त्याचा निळा रंग पार उडालाय. ते चित्र ज्या भिंतीवर आहे ती भिंत बाबांना दाखवायची, एवढ्यासाठी ही सगळी खटपट केली.

इथं बरेच जण मे महिन्याचे बेत आखताना दिसतात, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. तिकडच्या मोठ्या संग्रहालयांत आता उठलं आणि गेलं असं चालत नाही. तिकिटावर तारीख असतेच, वेळही असते. काही ठिकाणी ती वेळ महिना-दोन महिने आधीच संपते. आपण मात्र विमान, हॉटेल, रेल्वे सगळं पक्कं करतो आणि मग संग्रहालयाची तिकिटं बघायला बसतो. मी उलटं केलं. सगळ्यात दुर्मीळ स्लॉट, म्हणजे तिकिटावरची ठरलेली वेळ, आधी धरला आणि बाकी सगळा प्रवास त्याच्याभोवती बांधला.

आमच्यासाठी दुर्मीळ म्हणजे मिलानचं 'लास्ट सपर'. सांता मारिया देल्ले ग्राझिए या मठाच्या भोजनगृहात ते आहे आणि आत राहायला पंधरा मिनिटंच मिळतात. तिकिटं साधारण तीन-तीन महिन्यांची एकदम सुटतात, विक्रीची तारीख अधिकृत साइटवर आधी जाहीर होते. इटलीत दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार, हा हिशेब कागदावर लिहून ठेवा. मला मिलान शेवटी हवं होतं. चार जागा एकत्र मिळाल्या त्या तिसऱ्या दिवशीच्या, रविवारी सकाळच्या. मग मार्गच फिरवला: मिलानला उतरायचं, तिथून फ्लॉरेन्स, शेवटी रोम. विमानाची तिकिटं तोवर काढली नव्हती म्हणून हे जमलं.

दुसरं, साप्ताहिक सुट्टी. मिलानचं हे भोजनगृह, फ्लॉरेन्सची उफीझी आणि अकादेमिया, रोमची बोर्गेझे गॅलरी, सगळी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, त्यामुळे त्या दिवशी गर्दी विचारू नका. आम्ही सोमवार प्रवासाला दिला. मिलान ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत होतं.

तिसरं, एका दिवशी एकच स्लॉट. आधी माझ्या वहीत एका दिवसात दोन-दोन होते. बाबा म्हणाले, "वर्गात सुद्धा मी एका तासाला एकच चित्र शिकवायचो." तेव्हा निम्मी नावं खोडली. खोडताना जीव तुटला, पण तिथं गेल्यावर कळलं की तेच बरोबर होतं.

आता त्या पंधरा मिनिटांबद्दल. आत सोडताना काचेची दारं एकामागून एक उघडतात. एक बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, म्हणजे बाहेरची धूळ आणि दमट हवा आत जाऊ नये. लिओनार्दोनं हे १४९५ ते १४९८ या सुमारास कोरड्या भिंतीवर रंगवलं. ओल्या गिलाव्यावर पटापट काम उरकायची पद्धत त्याला नको होती, आणि म्हणूनच रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागला. १६५२ मध्ये भिंतीत दार पाडलं, त्यात येशूचे पाय गेले. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर कोसळलं, पण वाळूची पोती रचून ठेवलेली ही भिंत टिकली. हे सगळं मी आधी वाचून आईला आणि लेकीला घरीच सांगितलं होतं, त्यामुळे आत गेल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. बाबा आधी सगळ्यात मागं जाऊन उभे राहिले. मग हळूहळू पुढं आले आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडाच्या घड्या दाखवत लेकीला हळूच म्हणाले, "बघ, इस्त्रीच्या घड्या काढल्यात." आमच्या घरच्या चित्रात त्या घड्या दिसतच नाहीत.

एक गोष्ट आधी माहीत नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं एक तास मागं करतात. आमचा स्लॉट नेमका त्याच सकाळी होता! मोबाइलनं वेळ आपोआप बदलली, बाबांच्या मनगटी घड्याळानं नाही. त्यांनी सगळ्यांना तासभर आधी उठवलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी हेच उलटं होतं, घड्याळ पुढं जातं, आणि तेव्हा अशा घड्याळावर विसंबलात तर स्लॉट हुकेल.

बाकीचं विचाराल तसं सांगते.

शाहूपुरीकर

ताई, फार उपयोगी धागा. आम्ही मे महिन्यात चौघं जाणार आहोत. माझी अडचण व्हिसाची आहे. व्हिसा हातात नसताना तिकिटं काढायची आणि व्हिसा नाकारला तर? तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

कोटितीर्थ

दादा, बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत असं धरूनच चला. मी दोन गट केले. स्लॉट लवकर संपणारी ठिकाणं, म्हणजे 'लास्ट सपर' आणि बोर्गेझे, यांची तिकिटं व्हिसाआधी काढली. गेले तर गेले पैसे, पण विमानाच्या मानानं ती रक्कम लहान असते. उफीझी, अकादेमिया आणि व्हॅटिकन व्हिसा आल्यावर. मे महिन्यात मात्र उफीझीलाही उशीर करू नका.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आपली मंडळी शेवटच्या महिन्यात धावतात आणि मुंबईची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून अडकतात. आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, म्हणजे तुमच्यापैकी कुणी आधी गेलं असेल तर त्यांचं काम हलकं.

उद्यमनगर

बँकेत काम करतो, म्हणून एक भर घालतो. आपल्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात, मर्यादाही ठरवावी लागते. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणीतरी येतं, "तिकीट शेवटच्या पानावर अडकलं" म्हणत. तोवर दुसऱ्याच कुणीतरी तो स्लॉट घेतलेला असतो. विक्रीच्या आदल्या दिवशीच हे उरकून घ्या. आणि तिकडं गेल्यावर काही काढायचं असेल तर ओटीपीसाठी भारतातला नंबर रोमिंगवर चालू राहील एवढं बघा.

कोटितीर्थ

हे फार महत्त्वाचं, धन्यवाद. याला जोडूनच नावाचं सांगते. फॉर्मवर नाव आणि आडनाव एवढेच दोन रकाने असतात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. रोमच्या कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात आणि दारात ओळखपत्र बघतात.

आणि वेबसाइट! गुगलवर संग्रहालयाचं नाव टाकलं की वर जाहिराती येतात. त्यातल्या एका साइटवर मी बोर्गेझेची तिकिटं जवळजवळ काढलीच होती. रूप अगदी अधिकृत, पण किंमत दुपटीहून जास्त. बाबांनी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली, "आम्ही मध्यस्थ आहोत". नेहमी संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवरून तिकिटाच्या पानावर जायचं.

मुलांचंही राहिलं. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, कुठल्याही देशाचे असोत. पण फुकट असलं तरी स्लॉटमध्ये त्यांची जागा धरावीच लागते. आपलं काढायचं आणि लेकराचं विसरायचं, असं करू नका.

पंचगंगाकाठ

पॅरिसचं मी सांगतो, दोनदा गेलोय. लूव्र मंगळवारी बंद. ओर्से सोमवारी बंद. मोनेची कमळं जिथं आहेत ते ओरांजरी पुन्हा मंगळवारी बंद. हे तीन वार नीट लावले नाहीत तर चार दिवसांच्या मुक्कामात सगळा गोंधळ होतो. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत. मी तर म्हणेन संध्याकाळचाच स्लॉट घ्या. सहलीचे गट जेवायला गेलेले असतात. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या लोकांना लूव्रचं तिकीट महाग झालंय, तेही बजेटमध्ये धरा.

'मोनालिसा' केवढी आहे माहीत आहे का? ७७ बाय ५३ सेंटिमीटर. वर्गात लावायच्या नकाशाएवढीही नाही. पुढं माणसांची भिंत आणि सगळ्यांचे हात वर, मोबाइल धरून. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं 'काना गावातलं लग्न' आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र ते, आणि अख्खी खोली त्याच्याकडं पाठ करून उभी! मी अर्धा तास त्या लग्नाच्या पंगतीत होतो. वाढपी, वादक, कुत्री, मांजर, सगळं आहे त्यात. ओर्सेची इमारत मुळात १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन, तिथलं मोठं घड्याळ आतून बघायला चुकू नका.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

माझी आई ७० वर्षांची आहे, गुडघे दुखतात. एवढं चालणं तिला झेपेल का, हीच मोठी काळजी आहे. कोटितीर्थ ताई, तुमच्या आईंचं कसं जमलं?

कोटितीर्थ

माझ्या आईचेही गुडघे दुखतात, म्हणून हे मनापासून सांगते. स्लॉट सकाळचा पहिला घ्यायचा. उफीझी सव्वाआठला उघडते. चित्रं दुसऱ्या मजल्यावर आहेत, जिना मोठा आहे, पण लिफ्ट आहे. दारातल्या माणसाला गुडघ्याकडं बोट दाखवलं तरी तो लिफ्टकडं नेतो. सुरुवातीची दालनं सोडून आम्ही आधी बोत्तिचेल्लीच्या दालनात गेलो आणि मग मागं आलो. पहिली वीस मिनिटं तिथं अगदी मोजकी माणसं होती. आई बाकावर बसली आणि 'प्रिमावेरा'तल्या पायाखालच्या गवतातली फुलं ओळखायला लागली. शेकडो झाडंफुलं आहेत त्यात, एकेक निरखून काढलेलं. "हे आपल्याकडं नाही, हे आहे, हे गुलाब," असं तिचं चाललं होतं. त्या चित्रापुढं सगळ्यात जास्त वेळ आईच बसली.

लूव्रमध्ये व्हीलचेअर आणि घडीचे स्टूल फुकट मिळतात असं माझ्या बहिणीनं तिथं वापरून सांगितलंय. मागायला संकोच करू नका. व्हॅटिकनचं मात्र लक्षात ठेवा: संग्रहालयांचं दार सेंट पीटरच्या चौकात नाही. तटबंदीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. स्लॉटच्या वेळी चौकात पोचलात तर उशीर झालाच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आईच्या साडीला काहीच अडचण आली नाही. सिस्टीन चॅपेलमध्ये फोटो चालत नाहीत.

गंगावेस_तालीम

मी थोडं वेगळं बोलणार, राग नसावा. हे सगळं वाचून दमायला झालं. प्रवासात पाय नेतील तिकडं जायचं, वाटेत काही दिसलं तर थांबायचं, ही माझी रीत. घड्याळ बघत चित्र बघणं मला जमत नाही. लंडनला नॅशनल गॅलरी फुकट, ब्रिटिश म्युझियम फुकट. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या चुनखडीच्या शिळा तिथं, टिपू सुलतानाचा लाकडी वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, तेही फुकट. पाऊस आला म्हणून आत शिरलो आणि टर्नरच्या चित्रांपुढं तासभर उभा राहिलो. असं सुख स्लॉटमध्ये कुठलं?

कोटितीर्थ

दादा, राग कसला. तुम्ही म्हणता ते सुख खरंच आहे आणि ते रोममध्येही मिळतं, म्हणूनच तर दिवसाला एकच स्लॉट म्हणतेय. सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, तिथं काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. तिकीट नाही, स्लॉट नाही. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि अंधारातून ती चित्रं बाहेर येतात. थोड्या वेळानं दिवा विझतो, मग दुसरं कुणीतरी नाणं टाकतं. आम्ही तिथं असताना एका अनोळखी आजीनं दोनदा टाकलं. सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा असाच मोकळा बघायला मिळतो. एखादा स्लॉट नाही मिळाला तर ही दोन ठिकाणं आधीपासून वहीत असू देत.

पण जिथं जागा कमी आहे तिथं वेळ वाटून दिली नाही तर कुणालाच नीट दिसणार नाही. बोर्गेझेत दोन तासांचा स्लॉट असतो, पिशव्या सगळ्या बाहेर ठेवायच्या, आणि वेळ संपली की सगळ्यांनी बाहेर पडायचं. त्यामुळेच बेर्निनीच्या मूर्तीभोवती पूर्ण फेरी मारता आली. 'अपोलो आणि डॅफ्नी'ला पाठीमागून बघा. अपोलोपासून पळताना झाड होणाऱ्या डॅफ्नीची बोटं जिथं पानं होतात तिथं संगमरवर इतका पातळ झालाय की उजेड आरपार येतो. 'प्रोसेर्पिना'च्या मांडीत प्लुटोची बोटं रुतलीत, दगडात! हे बघायला मोकळी जागा लागते आणि ती त्या स्लॉटमुळे मिळाली.

उचगाव_फाटा

ॲमस्टरडॅमची भर. व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट फक्त ऑनलाइन आणि वेळ ठरवूनच मिळतं. दारात खिडकी नाही. माझे मेहुणे तसेच गेले आणि बाहेरून फोटो काढून परत आले. त्यांना मी पुढच्या वेळी ओटरलोच्या क्रोलर-म्युलरला पाठवलं. व्हॅन गॉगच्या चित्रांचा जगातला दुसरा मोठा संग्रह तिथं आहे, जंगलात, निवांत. सोमवारी बंद. राइक्सम्युझियम मात्र वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, त्यामुळे सोमवारसाठी तेच ठेवायचं. ॲन फ्रँकचं घर चित्रांचं नाही, पण मुलांना दाखवायचं असेल तर तिकिटं दर मंगळवारी सहा आठवडे पुढची सुटतात. हे गणित पक्कं असल्यामुळे उलट सोपं आहे.

कलेचा_विद्यार्थी

काका-काकू मंडळी, मी इथं कोल्हापुरातच चित्रकला शिकतो. परदेशी जाणं माझं लांबच आहे. पण धाग्यात बाबांचा उल्लेख वाचून विचारावंसं वाटलं: त्यांनी जाण्याआधी काही तयारी केली होती का? म्हणजे बघण्याची?

कोटितीर्थ

बाळा, हे विचारलंस ते फार बरं केलंस. केली होती, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

जाण्याआधी सलग चार रविवार बाबा आम्हाला इथल्या, कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात घेऊन गेले. नियम एकच: प्रत्येकानं एक चित्र निवडायचं, त्याच्यापुढं वीस मिनिटं उभं राहायचं आणि मग चित्राकडं पाठ फिरवून काय काय दिसलं ते सांगायचं. पहिल्या रविवारी लेकीला पाच मिनिटांत कंटाळा आला. चौथ्या रविवारी ती आबालाल रहिमानांच्या एका निसर्गचित्रातलं पाणी नेमकं कुठं संपतं आणि काठ कुठं सुरू होतो यावर आजोबांशी वाद घालत होती. आबालाल मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकून आले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून रंगवत राहिले. १९३१ मध्ये गेले. त्यांची पुष्कळ चित्रं आज शिल्लकच नाहीत. माझं इथलं नाव त्यांच्यामुळेच घेतलंय.

तिथंच एका कपाटात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. भूमध्य समुद्राकडून दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारातून पंचगंगेच्या काठी आलेली. लेक तिला "आधी आलेला पाहुणा" म्हणते. रोममध्ये समुद्रदेवाचा पुतळा दिसला की तिला लगेच ओळख पटायची.

फ्लॉरेन्सच्या अकादेमियात या सरावाचं फळ दिसलं. सगळे मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड'च्या पुतळ्याकडं धावत होते. पाच मीटरच्या वर उंची आहे, धावणारच. पण डेव्हिडकडं जाणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले 'कैदी' आहेत, दगडातून निम्मे बाहेर आलेले. लेक पहिल्याच कैद्यापाशी थांबली. आजोबांना म्हणाली, "इथं रेघा आहेत." दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा, पोटावर, मांडीवर. बाबांनी तिला दाखवलं की रेघा एकाच दिशेनं जात नाहीत, अंगाच्या गोलाईबरोबर वळतात, म्हणजे हात कुठून कसा फिरला ते आजही दिसतं. डेव्हिडपर्यंत पोचायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली.

कलेचा_विद्यार्थी

टाउन हॉलला मी शाळेच्या सहलीत गेलो होतो, दहा मिनिटांत बाहेर. या रविवारी वही घेऊन जातो.

शाहूपुरीकर

ताई, काल साइट उघडून बसलो होतो. 'लास्ट सपर'च्या चार जागा मिळाल्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, दुपारी पावणेचार. मिलान आमच्या यादीत नव्हतंच, आता स्वित्झर्लंडचा एक दिवस कमी केला. मुलाचं शून्य रुपयांचं तिकीटही विसरलो नाही. रविवारी मुलांना घेऊन टाउन हॉलला येतोय. तुमचे बाबा असतील का तिथं?

कोटितीर्थ

असतील. साडेअकराला, आबालालांच्या चित्रांपाशी. येताना पेन्सिल आणि कोरे कागद आणा, पेन नको म्हणतात ते.